मोटारीच्या एंजिनाचे आवाज : त्यांची परीक्षा व एंजिनाची निगा

रात्रीची वेळ आहे. भाड्याची एक मोटार चार उतारू घेऊन घाट चढत आहे. अर्धा चढ संपतो न संपतो तोच एंजिनातून एक नवा आवाज येऊ लागतो : ठक्, ठक्, ठक्. वेग वाढविला की ठोके जलद पडतात, प्रवेगकावरील पाय उचलला की ते मंदावतात. त्याच सुमारास चालकासमोरील फलकावर तेलाच्या झारीचे चित्र असलेला तांबडा दिवा लुकलुकू लागतो. पुढचे गाव सहा किलोमीटरांवर आहे. उतारू म्हणतात, "तेवढे गाव गाठू, मग पाहू." अशा वेळी चालकाने काय करावे?

मोटार चालविणाऱ्यास एंजिनातील प्रत्येक भागाचे नाव ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. परंतु कोणता आवाज ऐकताच थांबावे, कोणता आवाज घेऊन सावकाश कारखान्यापर्यंत जावे आणि कोणता आवाज निश्चिंतपणे सोडून द्यावा, एवढे तारतम्य त्याच्यापाशी असावयास हवे. हे तारतम्य कसे येते ते पाहण्यासाठी प्रथम एंजिन आवाज का करते, हे समजून घेतले पाहिजे.

आवाजाचे मूळ

उदाहरणादाखल भारतातील रस्त्यांवर अनेक पिढ्यांनी पाहिलेली एक मोटार घेऊ. कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथे १९५८ पासून २०१४ पर्यंत अँबॅसेडर मोटारी तयार होत असत. त्यांत दीर्घकाळ वापरले गेलेले पेट्रोल-एंजिन १४८९ घन सेंटिमीटरांचे होते. त्याची रचना साधी व उघड असल्यामुळे ते अभ्यासास सोयीचे आहे. त्यात चार सिलिंडर असत. प्रत्येक सिलिंडराचा व्यास सुमारे ७३ मिलिमीटर, आणि त्यात वरखाली सरकणाऱ्या दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव ८९ मिलिमीटर असे.

हे चार धावांचे एंजिन होय. १८७६ मध्ये जर्मनीत निकोलाउस ऑटो याने ज्या क्रमावर आपले एंजिन चालवून दाखविले, तोच क्रम आजही बहुतेक पेट्रोल-मोटारींत असतो. पहिल्या धावेत इंधन व हवा यांचे मिश्रण आत घेतले जाते, दुसरीत ते दाबले जाते, तिसरीत ठिणगीने पेटून ते दट्ट्यास खाली लोटते आणि चौथीत जळलेला वायू बाहेर टाकला जातो. दट्ट्याची ही सरळ गती संयोगदांड्याच्या द्वारा भुजादंडास, म्हणजे क्रँकशाफ्टला, मिळते व तो फिरू लागतो. चार धावा पुऱ्या होईपर्यंत भुजादंडाचे दोन फेरे होतात. वायू आत घेणाऱ्या व बाहेर सोडणाऱ्या झडपा मात्र त्या अवधीत प्रत्येकी एकदाच उघडतात; म्हणून त्या उघडणारा कॅमदंड भुजादंडाच्या निम्म्या गतीने फिरतो.

मिनिटाला ३,००० फेरे या गतीने भुजादंड फिरत असेल, तर सेकंदाला ५० फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात दट्ट्या ८९ मिलिमीटर खाली व तेवढाच वर जातो. म्हणजे त्याची सरासरी गती सेकंदाला सुमारे ९ मीटर, किंवा तासाला ३२ किलोमीटर, इतकी होते. आणि सेकंदात शंभर वेळा तो पूर्णपणे थांबून दिशा बदलतो. मिश्रण पेटल्यावर दर चौरस सेंटिमीटरावर ४० किलोग्रॅम एवढा दाब आला, तर दट्ट्याच्या माथ्यावर दीड टनाहून अधिक भार पडतो. एवढी उलथापालथ होत असताना यंत्राने मुके राहावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. निरोगी एंजिनाचाही आवाज असतो. परंतु तो सलग, समान व ओळखीचा असतो. त्या ओळखीच्या आवाजात जे नवे मिसळते, तेच तपासावयाचे असते. म्हणून एंजिन चांगले असताना त्याचा आवाज नीट ऐकून ठेवणे ही परीक्षेची पहिली पायरी होय.

तेलाचा पडदा

एकमेकांवर फिरणारे धातूचे भाग प्रत्यक्ष एकमेकांस लागतच नाहीत, असे सांगितले तर प्रथम नवल वाटेल. भुजादंड ज्या धारव्यांत, म्हणजे बेअरिंगांत, फिरतो त्यांच्यात व त्याच्यात वंगणतेलाचा एक पडदा असतो. भार अधिक असेल तेथे त्याची जाडी अवघी काही मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग. माणसाचा केस सामान्यतः ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या पडद्याची कल्पना येईल.

हा पडदा भार कसा पेलतो याचा शोध इंग्लंडमध्ये लागला. १८८३ च्या सुमारास बोशँप टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसाच्या धारव्यांवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठी त्याने धारव्याच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. त्याने भोकात बूच बसविले, तर तेलाने तेही बाहेर ढकलले. दाबमापक लावून पाहता तेथील दाब धारव्यावरील सरासरी दाबाच्या दुपटीहून अधिक निघाला. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून चिंचोळ्या फटीत कोंबतो आणि त्या तेलावर स्वतःच तरंगतो, असा याचा अर्थ होता. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनल्ड्झ याने त्याचे गणित मांडले.

मोटारीच्या एंजिनात एक लहानसा पंप तळाच्या भांड्यातील तेल गाळणीतून दाबाने या धारव्यांकडे पाठवीत असतो. तेलाचा पुरवठा तुटला की पडदा फाटतो, धातूला धातू घासतो, उष्णता वाढते आणि धारव्यातील मऊ धातूचे अस्तर थोड्याच वेळात खरवडून किंवा वितळून जाते. मग जी फट मिलिमीटराच्या काही शतांशांएवढी होती, ती अनेक पटींनी वाढते. वाढलेल्या फटीत संयोगदांडा प्रत्येक फेऱ्यास आपटू लागतो. घाटातील त्या मोटारीचा 'ठक्, ठक्' असा आवाज तो हाच.

आवाजाला विचारावयाचे प्रश्न

वैद्य रोग्यास जसे प्रश्न विचारतो, तसे आवाजासही विचारता येतात. पुढील पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून नेली, तर मिस्त्रीचे निम्मे काम होते.

१. आवाज कशाच्या गतीने बदलतो? मोटार उभी करून, गिअर न घालता, एंजिनाची गती हळूहळू वाढवावी. आवाज आला तर त्याचे मूळ एंजिनात किंवा त्यास जोडलेल्या भागांत आहे. उभ्या मोटारीत आवाज नाही, पण रस्त्यावर चाकांच्या गतीबरोबर तो वाढतो, असे असेल तर चाकांचे धारवे, टायर किंवा गती पोहोचविणारी यंत्रणा यांकडे पाहावे. चालत्या मोटारीत एंजिन बंद करून ही परीक्षा कदापि करू नये; त्यामुळे ब्रेकला व सुकाणूला मिळणारे साहाय्य जाते आणि काही मोटारींत सुकाणूला कुलूपही लागते.

२. आवाज थंड एंजिनात येतो की तापलेल्या? धातू तापला की प्रसरण पावतो, तेल तापले की पातळ होते. म्हणून काही आवाज तापल्यावर नाहीसे होतात, काही तापल्यावरच प्रकट होतात.

३. भार पडल्यावर आवाज वाढतो काय? चढावर, किंवा एकदम वेग घेताना वाढणारा आवाज हा सामान्यतः भार वाहणाऱ्या भागांचा किंवा सिलिंडरातील ज्वलनाचा असतो.

४. आवाजाची लय कोणती? झडपांचा ठोका भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत एकदा पडतो. मिनिटाला ६०० फेरे असता एका झडपेचा ठोका सेकंदाला ५ वेळा ऐकू येईल. भुजादंडाच्या प्रत्येक फेऱ्यास पडणारा ठोका त्याच वेळी सेकंदाला १० वेळा येईल. तबल्याचे ठेके ऐकून सराव झालेल्या कानास ही एकपट-दुपट लय ओळखणे कठीण जात नाही.

५. आवाज कसा आहे? येथे मराठी भाषा फार उपयोगी पडते. टिकटिक, खडखड, किणकिण, घरघर, कुरकुर, फुसफुस, खणखण हे सर्व शब्द वेगवेगळे आहेत, आणि त्यांमागील कारणेही बहुधा वेगवेगळी असतात. 'गाडी आवाज करते' असे न सांगता 'सकाळी सुरू करताच वरच्या बाजूस टिकटिक होते आणि पाच मिनिटांत थांबते' असे सांगावे. दुसऱ्या वाक्यात मिस्त्रीला स्थळ, काळ आणि लय ही तिन्ही मिळतात.

आवाजांचे मुख्य प्रकार

टिकटिक. एंजिनाच्या माथ्याकडून येणारी हलकी, निम्म्या लयीची टिकटिक बहुधा झडपांच्या यंत्रणेची असते. तापल्यावर झडप लांबते. तिला लांबण्यास जागा राहावी म्हणून तिच्यात व तिला ढकलणाऱ्या भागात थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. एंजिनागणिक ती सुमारे ०.१ पासून ०.४ मिलिमीटरापर्यंत असू शकते. झीज होऊन ती वाढली की टिकटिक सुरू होते. अँबॅसेडरसारख्या जुन्या मोटारींत मिस्त्री झाकण उघडून, ठराविक जाडीची पोलादी पट्टी फटीत सरकवून आणि स्क्रू फिरवून ती पुन्हा योग्य करीत. पुढे अनेक एंजिनांत तेलाच्या दाबाने ही फट आपोआप भरून काढणारे टॅपेट आले. त्यांत सुरुवातीस क्षणभर टिकटिक होऊन ती थांबते. टिकटिक पूर्णपणे नाहीशी करण्यासाठी फट अवाजवी कमी करणे मात्र घातक आहे. तसे केल्यास झडप पूर्ण मिटत नाही, तिची उष्णता सिलिंडराच्या माथ्यात जाऊ शकत नाही आणि तिची कड जळते. थोडी टिकटिक करणारी झडप ही मुकी होऊन जळणाऱ्या झडपेपेक्षा बरी, असे जुने कारागीर मानतात ते यामुळेच.

थंडपणी पोकळ खडखड. सकाळी एंजिन सुरू केल्यावर येणारी आणि तापल्यावर कमी होणारी पोकळ खडखड बहुधा दट्ट्याची असते. दट्ट्या अल्युमिनियमाच्या मिश्रधातूचा असतो. सिलिंडर ओतीव लोखंडाचा असेल, तर सारख्याच तापमानवाढीने अल्युमिनियम त्याच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. म्हणून थंड असताना झिजलेला दट्ट्या सिलिंडरात डगमगतो, आणि तापून फुगल्यावर नीट बसतो. हा आवाज वयाची खूण होय. तो लगेच घात करीत नाही. परंतु तेल जळू लागले आहे काय, धूर निळसर येतो काय, हे पाहत राहावे.

जड ठोका. एंजिनाच्या खालच्या भागातून येणारा, भुजादंडाच्या लयीचा, भाराबरोबर वाढणारा व तापल्यावर तेल पातळ होताच अधिक स्पष्ट होणारा ठोका हा सर्वांत गंभीर आवाज होय. तो संयोगदांड्याच्या किंवा भुजादंडाच्या धारव्याचा असतो. जुन्या एंजिनांत मिस्त्री एकेका सिलिंडराची ठिणगी क्रमाने तोडून पाहत. ज्या सिलिंडराची ठिणगी तोडताच ठोका मंदावे, तेथील धारवा दोषी ठरे; कारण ज्वलन थांबताच त्या दांड्यावरील भार उतरतो. आजच्या मोटारींत असे हाताने करू नये. ठिणगीचा विद्युत्-दाब हजारो व्होल्टांचा असतो, आणि न जळलेले इंधन धुराच्या मार्गातील उत्प्रेरक-शोधकात जाऊन त्याची नासाडी करते.

किंचाळी आणि घरघर. सुरू करताच किंवा दिवे लावताच येणारी तीक्ष्ण किंचाळी बहुधा बाहेरच्या रबरी पट्ट्याची असते. पट्टा सैल, चकचकीत किंवा तडकलेला असला की कप्पीवर घसरतो. वीजनिर्मितीचे यंत्र याच पट्ट्यावर चालते, आणि अनेक मोटारींत पाण्याचा पंपही. पट्टा तुटला तर विजेचा पुरवठा थांबतो व पंप त्यावर असल्यास एंजिन तापते. म्हणून किंचाळी किरकोळ समजू नये. सलग घरघर ही या यंत्रांच्या आतील झिजलेल्या धारव्यांची असू शकते.

फुसफुस. थंड एंजिनात वेग घेताना स्पष्ट ऐकू येणारी फुसफुस किंवा फटफट धुराच्या नळीतील गळतीची असते. ही गळती यंत्रापेक्षा माणसास अधिक घातक आहे. धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनाच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने जोडला जातो. असा धूर मोटारीच्या आत शिरल्यास डोकेदुखी व झोप येऊन प्रवासी बेशुद्ध होऊ शकतात.

ज्वलनाची किणकिण

चढावर वरचा गिअर ठेवून प्रवेगक दाबला असता कधी कधी धातूच्या भांड्यात खडे हलविल्यासारखी किणकिण होते. येथे कोणताही भाग सैल झालेला नसतो. ठिणगीने पेटविलेली ज्वाला सिलिंडराच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तेथील दाबलेले, तापलेले मिश्रण आपोआप एकदम पेट घेते. त्यामुळे सिलिंडरातील वायू घंटेसारखा कंप पावू लागतो. ७० ते ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात हा कंप सेकंदाला सुमारे सहा ते आठ हजार आंदोलनांचा असतो. म्हणूनच तो कानास तीक्ष्ण व धातूसारखा लागतो.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो याने या विकाराचा पद्धतशीर अभ्यास केला. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेत टॉमस मिजली याने शिशाचे एक संयुग पेट्रोलात अल्प प्रमाणात मिसळले असता किणकिण थांबते असे दाखविले. उपाय प्रभावी होता, परंतु धुरातून हवेत पसरणारे शिसे मुलांच्या मेंदूस अपायकारक असते. एंजिनातील एक आवाज बंद करण्यासाठी जगाने हे विष अनेक दशके श्वासावाटे घेतले. भारतात २००० मध्ये सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा जगातील शेवटचा देश अल्जीरिया, त्याने ती विक्री २०२१ मध्ये थांबविली. आवाज बंद करणे आणि त्याचे कारण निवारणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे या इतिहासातून शिकण्यासारखे आहे.

आजच्या बहुतेक पेट्रोल-एंजिनांना एक 'कान' बसविलेला असतो. दाब पडताच वीज निर्माण करणारा स्फटिकासारखा पदार्थ त्यात असतो. हा गुणधर्म १८८० मध्ये प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी शोधून काढला. किणकिणीचा विशिष्ट कंप जाणवताच हा कान नियंत्रकास सूचना देतो व ठिणगी किंचित उशिरा पाडली जाते. तरीही किणकिण ऐकू आल्यास प्रवेगक सैल सोडून खालचा गिअर घालावा, मोटारीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच इंधन वापरावे आणि एंजिन अवाजवी तापत नाही ना, ते पाहावे. दीर्घकाळ दुर्लक्ष केल्यास दट्ट्याचा माथा फुटण्याचा संभव असतो.

ऐकण्याचे साधन आणि सावधगिरी

१८१६ मध्ये पॅरिस येथे लाएनेक या वैद्याने कागदाची गुंडाळी रोग्याच्या छातीस लावून हृदयाचे ठोके ऐकले. त्यातूनच स्टेथॉस्कोप जन्मास आला. मिस्त्रीही तेच करतो. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर किंवा लाकडी काठी एंजिनाच्या एका भागास टेकवून तिचे दुसरे टोक कानाजवळ धरले, की त्या ठिकाणचा आवाज इतरांपासून वेगळा होतो. हवेत ध्वनी चोहीकडे पसरून क्षीण होतो. काठीतून तो न पसरता थेट कानापर्यंत येतो. शाळेतही हे करून पाहता येते. लाकडी टेबलाच्या एका टोकावर टिकटिक करणारे घड्याळ ठेवावे, व दुसऱ्या टोकास कान टेकवावा. हवेतून जी टिकटिक ऐकू येत नव्हती ती स्पष्ट ऐकू येईल.

प्रत्यक्ष एंजिनावर हा प्रयोग मात्र जाणत्या माणसानेच करावा. पदर, ओढणी, सैल बाह्या व मोकळे केस पट्ट्यापासून दूर ठेवावेत. आजच्या मोटारींतील विजेचा पंखा एंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. बंद खोलीत एंजिन चालू ठेवू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये; दाबाखाली असलेले पाणी शंभर अंश सेल्सिअसच्या वर तापूनही उकळत नाही, आणि झाकण उघडताच दाब जाऊन ते एकदम उसळते व अंग भाजते.

निगा

वर सांगितलेल्या बहुतेक आवाजांचा प्रतिबंध अत्यंत साध्या गोष्टींनी होतो.

तेलाची पातळी नियमाने पाहावी. मोटार सपाट जमिनीवर उभी करून एंजिन बंद करावे, काही मिनिटे थांबावे, पट्टी काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढावी. तेल दोन खुणांच्या दरम्यान असावे. वरच्या खुणेपेक्षा अधिक तेलही वाईटच. फिरणारा भुजादंड ते घुसळून त्याचा फेस करतो, आणि फेस भार पेलू शकत नाही. तेल काळे झाले म्हणजे बिघडलेच असे नाही. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. परंतु ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले असण्याचा संभव असून त्वरित तपासणी करावी. तेल व त्याची गाळणी पुस्तिकेत दिलेल्या अंतरानंतर किंवा मुदतीनंतर, जे आधी येईल तेव्हा, बदलावी. रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या मोटारीचे तेल लवकर खराब होते. कारण एंजिन पुरेसे तापत नाही व ज्वलनातील ओलावा तेलातच राहतो. 'जाड तेल घातले की आवाज दबतो' हा समज धोक्याचा आहे. अरुंद फटींच्या नव्या एंजिनांत जाड तेल थंडपणी वेळेवर पोहोचत नाही.

हवेची गाळणी स्वच्छ ठेवावी. भारतातील रस्त्यांवरील धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, आणि क्वार्ट्झ साध्या लोखंडाहून कठीण असते. असे कण सिलिंडरात गेले तर ते कानसेचे काम करतात. थंड करणाऱ्या द्रवाची पातळी एंजिन थंड असताना, पारदर्शक टाकीवरील खुणांनी पाहावी. सुरू केल्याबरोबर एंजिन जोराने फिरवू नये. तेलास माथ्यापर्यंत पोहोचण्यास काही क्षण द्यावेत.

सर्वच विकार बोलून दाखवीत नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अनेक एंजिनांत कॅमदंड दात्यांच्या रबरी पट्ट्याने फिरतो. हा पट्टा बहुधा कसलीही सूचना न देता तुटतो, आणि पुष्कळ एंजिनांत त्याच क्षणी वर येणारे दट्टे उघड्या झडपांवर आदळतात. म्हणून तो मुदत संपताच बदलावयाचा असतो, मग एंजिन कितीही शांत चालत असो. यासाठी प्रत्येक मोटारीची एक नोंदवही असावी. तीत तेल, गाळण्या व पट्टे कधी बदलले, आणि कोणता आवाज कोणत्या दिवशी प्रथम ऐकू आला, हे लिहावे.

घाटातील प्रश्नाचे उत्तर

आता त्या रात्रीच्या चालकाकडे वळू. त्याने ऐकलेला आवाज जड आहे, एंजिनाच्या लयीचा आहे, आणि त्याबरोबर तेलाचा दिवा लागला आहे. हा दिवा तेलाची पातळी दाखवीत नसून सामान्यतः तेलाचा दाब दाखवितो. किल्ली फिरविताच तो लागला पाहिजे आणि एंजिन सुरू होताच विझला पाहिजे. धावत्या मोटारीत तो लागला, याचा अर्थ धारव्यांतील पडदा फाटण्याच्या बेतात आहे किंवा फाटलेला आहे. दिव्याचे बटण बिघडले असेल अशी शंका घेण्यास जागा असते. पण सोबत ठोका ऐकू येत असता ती शंका उरत नाही. सहा किलोमीटर जाण्यास दहा मिनिटे लागली, आणि एंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असले, तर भुजादंडाचे आणखी वीस हजार फेरे तेलावाचून होतील. त्यांतील एखाद्या फेऱ्यास संयोगदांडा तुटून एंजिनाची भिंत फोडील, किंवा धारवा आवळून एंजिन जागीच थांबेल. आणि तेही कदाचित अशा वळणावर की जेथे मागून येणाऱ्या वाहनास उभी मोटार दिसणार नाही.

म्हणून त्याने सुरक्षित जागा दिसताच मोटार कडेस घ्यावी, एंजिन बंद करावे, इशाऱ्याचे दिवे लावावेत व त्रिकोणी फलक मागे काही अंतरावर ठेवावा. उतारूंना रस्त्यापासून दूर उभे करावे. थोड्या वेळाने तेलाची पातळी पाहावी. तेल कमी असेल व जवळ असेल तर ते घालावे. परंतु ठोका कायम राहिला तर एंजिन पुन्हा चालवू नये, मोटार ओढून न्यावी. उतारूंचा एक-दोन तासांचा खोळंबा होईल. मात्र चालकाच्या उपजीविकेचे साधन वाचण्याचा संभव राहील. वेळीच थांबलेल्या एंजिनात पुष्कळदा नवे धारवे बसवून काम भागते. सहा किलोमीटर रेटलेल्या एंजिनात भुजादंड, संयोगदांडा आणि कधी कधी एंजिनाचा सांगाडाही बदलावा लागतो.

टिकटिक आठवडाभर थांबू शकते. पट्ट्याची किंचाळी दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबू शकते, जर तापमानाचा काटा स्थिर असेल व बॅटरीचा दिवा लागला नसेल. किणकिण खालच्या गिअरात शमते. धुराच्या फुसफुशीत खिडक्या उघडून त्याच दिवशी कारखाना गाठावा. जड ठोका आणि तेलाचा तांबडा दिवा मात्र एक मिनिटही थांबत नाहीत. एंजिन प्रत्येक वेळी आपली स्थिती सांगत असते. ते ऐकण्याची सवय ज्या चालकास लागली आहे, त्याला घाटात, रात्री, उतारूंच्या आग्रहापुढेही निर्णय घेणे जड जात नाही.